लोकरीच्या कोटासाठी मी हात वर केला नाही



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळात एक पाहुण्या वक्त्या आल्या होत्या. तरुण, हुशार, बोलणं गोड. विषय होता आपल्या कपाटातली हिंसा. चामड्याची पर्स झाली, मोत्यांचे सर झाले आणि शेवटी लोकर. पडद्यावर मेंढ्यांची चित्रं दाखवली, ती बघवत नव्हती. मग त्या म्हणाल्या, "आजपासून घरात लोकरीचं काही ठेवणार नाही, असा नियम कोण कोण घेतं?" पस्तीस-चाळीस हात वर गेले. माझ्या सूनबाईचाही गेला. माझा गेला नाही.

रिक्षात ती काही बोलली नाही. रात्री ओटा आवरताना म्हणाली, "मम्मी, ह्यांचा तो कोट आता घरातून काढायला हवा."

मी तेव्हा गप्प बसले. रागात उत्तर दिलं की ते आपलं राहत नाही, रागाचं होतं. पण मंडळातल्या चार जणींनी नंतर फोन करून विचारलं, "तुम्ही हात का नाही वर केला?" तेव्हा आता सविस्तर लिहिते. पटलं नाही तर माझ्याशी भांडा, मी महाळुंग्यातच आहे.

आधी कोटाबद्दल. धाकटा इथल्याच एमआयडीसीतल्या एका कंपनीतून २०१४ साली जर्मनीला गेला. आपल्या भागात आता हे नवीन नाही. चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुठल्याही सोसायटीत विचारा, दर चौथ्या घरातलं कोणीतरी जर्मनीला नाहीतर कोरियाला जाऊन आलेलं असतं. जाताना आम्ही त्याला मॉलमधून फुगीर जाकीट घेऊन दिलं, ६,८०० रुपयांचं. दुसऱ्या हिवाळ्यात त्याची चेन गेली. दुसरं घेतलं ७,४०० चं. धुतल्यावर त्यातला कापूस म्हणा, भरण म्हणा, सगळं खाली गोळा झालं आणि खांद्यावर नुसतं कापड उरलं. तिसरं त्यानं तिकडेच घेतलं, ९० युरोचं. तेही तीन थंड्यांत संपलं.

मग २०१९ मध्ये हॅम्बुर्गला एका जुन्या कपड्यांच्या दुकानात त्याला हा कोट मिळाला, ५५ युरोला. गडद निळा, जवळजवळ काळाच. रुंद कॉलर, पुढे बटणांच्या दोन रांगा, कमरेच्या जरा खाली येणारा. बटणांवर नांगर कोरलेला. दुकानदारानं सांगितलं की कोट वीस वर्षांचा तरी असेल. म्हणजे आज तो पंचविशी ओलांडून गेला आहे. माझ्या हातून त्याचं एकदाच काम निघालं. अस्तर विरलं होतं, ते चाकणच्या शिंप्यानं ९०० रुपयांत बदलून दिलं. कापडाला काही झालेलं नाही.

ह्याला पी कोट म्हणतात. ह्यातल्या 'पी'चा मटाराशी संबंध नाही. डच भाषेत जाड्याभरड्या लोकरी कापडाला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आलं असं मानतात. म्हणजे मुळात हा घोंगडीचाच कोट. डेकवर थंड वाऱ्यात उभं राहणाऱ्या खलाशांसाठी तो तयार झाला, आणि युरोप-अमेरिकेच्या नौदलांत शंभराहून जास्त वर्षं जवळजवळ तसाच राहिला. जर्मन नौदलात ह्यालाच 'कोलानी' म्हणतात, कील शहरातल्या गणवेश शिवणाऱ्या शिंप्याच्या नावावरून. पुढे १९६२ साली पॅरिसमध्ये ईव सँ लोराँ ह्यांनी आपल्या स्वतःच्या पेढीच्या पहिल्या संग्रहात हा खलाशांचा कोट बायकांच्या अंगावर चढवला. तेव्हापासून तो बायकांचाही झाला. पंजाबी ड्रेसवर छान बसतो. साडीवरही बरा दिसतो, मी घालून पाहिलाय. हसू नका.

आता तो टिकतो का, हे मला माझ्या वडिलांमुळे कळतं. त्यांचं राजगुरुनगरला कापडाचं दुकान होतं. कानपूरच्या लाल इमलीचं, पंजाबातल्या धारिवालचं आणि ठाण्याच्या रेमंडचं कापड फळीवर सगळ्यात वर असायचं, कारण ते वर्षातून दोन महिनेच खाली यायचं. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, लोकर खरी कशावरून?" की वडील कडेचा एक धागा काढून काडी लावायचे. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली, तर लोकर. वितळून टणक मणी झाला, तर नायलॉन-पॉलिएस्टर. लोकर पटकन पेटत नाही, धुमसते आणि ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. कृत्रिम कापड वितळून कातडीला चिकटतं. स्वयंपाकघरात आणि दिव्यापाशी वावरणाऱ्या बायकांनी एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी.

पी कोटाचं कापड मेल्टन नावाचं असतं. लोकर विणून झाली की ते कापड पाण्या-साबणात इतकं घोळतात आणि कुटतात की धागे एकमेकांत गच्च रुततात, वीण दिसेनाशी होते. मग वरची लव कातरून सारखी करतात. म्हणून वारा आत शिरत नाही आणि कडेनं सुतं निघत नाहीत. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल धरते, तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणून भुरभुर पावसात, धुक्यात ती उबदार राहते. बाकीचंही बघा. कॉलर वर केली की कान झाकतात. खिसे उभे, म्हणजे हात सहज आत जातात. लांबी आखूड, म्हणजे शिडी चढताना पायात येत नाही. आणि चेन नाही, बटणं आहेत! चेन बिघडली की अख्खं जाकीट भंगारात जातं. बटण तुटलं तर सुई-दोरा घ्यायचा आणि मालिका बघता बघता लावून टाकायचं.

ह्याला अजूनही मागणी का, असं विचारतात. ह्या कोटात दिखाव्यासाठी असं काही नाहीच, म्हणून. जे कामासाठी झालं ते जुनं होत नाही. पोळपाट कधी फॅशनमधून गेला का?

हिशेबही सांगते, बी.कॉम. केलंय ते वाया का घालवू. घसारा काढायची सरळ पद्धत आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. वस्तूची किंमत भागिले तिचं आयुष्य. ७,४०० चं जाकीट तीन थंड्या चाललं असं उदार मनानं धरलं, तर थंडीमागे अडीच हजार. नवा कोरा, चांगल्या लोकरीचा पी कोट १८,००० ला पडला आणि पंचवीस वर्षं चालला, तर थंडीमागे ७२० रुपये. आमच्या धाकट्याचा जुना कोट तर अस्तराचे पैसे धरूनही सहा हजारांच्या आत बसला. पण आपण दुकानात भागाकार करत नाही. "स्वस्तात मिळालं" म्हणतो आणि तीनदा घेतो.

आता मुख्य मुद्द्यावर येते, हिंसेच्या.

त्या ताई खोटं बोलल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीखालची कातडी कापून काढायची पद्धत आहे, तिथे माशी अंडी घालते म्हणून. त्याला म्यूल्सिंग म्हणतात. न्यूझीलंडनं २०१८ पासून ती बंद केली, ऑस्ट्रेलियात अजून चालते. आणि लोकर देणं थांबलं की मेंढी कुठे जाते, हे आपल्याला न सांगता कळतं. तेव्हा लोकर निष्पाप आहे असं मी म्हणणार नाही. नवीन लोकर घेताना हे सगळं डोळ्यांसमोर आलं पाहिजे, आणि म्हणून मी स्वतः नवीन लोकर घेत नाही.

पण घरातला पंचवीस वर्षांचा कोट काढून टाकल्यानं कुठली मेंढी वाचणार? ती केव्हाच कातरून झाली. उलट तो टाकला की थंडीत जाणाऱ्याला दुसरं काहीतरी विकत घ्यावंच लागेल. ते दुसरं कशाचं असेल, हे व्याख्यानात कोणी विचारलं नाही.

मी सांगते. पहिला प्रकार पॉलिएस्टरचा, ज्याला हल्ली 'फ्लीस' म्हणतात आणि कधीकधी 'अहिंसक लोकर' म्हणूनही विकतात. तो खनिज तेलापासून होतो. प्रत्येक धुण्यात त्यातून बारीक धागे सुटतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि मोरीतून पुढे जातात. आपल्याकडचं पाणी शेवटी जातं कुठे? भामा नाहीतर इंद्रायणीत. इंद्रायणीची अवस्था आळंदीला जाणाऱ्या प्रत्येकीनं पाहिली आहे. तिथला फेस काही जाकिटांनी आणलेला नाही, तो सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा, हे मला माहीत आहे. पण त्याच पाण्यात आपणही आणखी एक न कुजणारी गोष्ट सोडायची का? आपण पाणी गाळून पिणारी माणसं. आपल्या आज्या गाळलेले जीव परत त्याच विहिरीत सोडायच्या, दुसऱ्या पाण्यात ते जगणार नाहीत म्हणून. त्यांच्या नातींनी माशांच्या पोटात प्लास्टिक जाऊ द्यायचं आणि त्याला अहिंसा म्हणायचं, हे माझ्या गळी उतरत नाही.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. व्याख्यान संपल्यावर चहा-खाकऱ्यांच्या वेळी आमच्यातलीच एक सांगत होती, "मनालीला जायला मुलीला किती हलकं, किती ऊबदार जाकीट मिळालं!" तिच्या फोनवर फोटो होता, त्यात आतलं लेबलही दिसत होतं. मी चष्मा लावून वाचलं. डाऊन ८० टक्के. डाऊन म्हणजे बदकाची आणि राजहंसाची छातीवरची मऊ पिसं. बहुतेक वेळा ती मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांची असतात, आणि काही ठिकाणी जिवंत पक्ष्याची उपटतात. मी तिला तिथे काही बोलले नाही, चारचौघांत कोणाला लाजवू नये. घरी जाऊन फोनवर सांगितलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं, रडवेली झाली बिचारी. लोकरीविरुद्ध हात वर करणाऱ्यांत ती होती.

आणि आता जरा कडू बोलते, माफ करा. त्या दिवशी हॉलमध्ये किती जणी रेशमी साडी नेसून बसल्या होत्या? मी मोजत नव्हते, पण पहिल्या दोन रांगा तरी चकाकत होत्या. रेशमाचा धागा अखंड निघावा म्हणून किडा आत असतानाच कोष गरम पाण्यात टाकतात. एका साडीमागे हजारो जीव. मेंढी कातरून झाल्यावर निदान उठून चालायला लागते. लोकरीवर नियम आणि रेशमावर मौन, कारण लोकर आपल्याला पुण्यात लागत नाही आणि पैठणी लागते! जे सोडायला काही पडत नाही, तेच सोडायला हात पटकन वर जातो. माझाही जातो, म्हणून तर मी त्याला ओळखते. मी स्वतः रेशीम सोडायला पंचावन्नाव्या वर्षापर्यंत थांबले. लग्नाचा शालू अजून पेटीत आहे, नेसत नाही, टाकवतही नाही.

शिवाय लोकर आपल्या धर्मजीवनात परकी नाही. आपल्या महासतीजींच्या हातातला ओघा लोकरीच्या धाग्यांचाच असतो. मुंगीलासुद्धा इजा न होता जागा पुंजता यावी म्हणून मऊ लोकर निवडली गेली. थंडीत काही साध्वीजी कांबळी पांघरूनच विहार करतात. दिगंबर मैत्रिणींना मोरपिच्छी ठाऊक आहे, मोरानं स्वतः गाळलेल्या पिसांची. म्हणजे आपल्या पूर्वजांनी प्राण्याकडून आलेली प्रत्येक वस्तू एका फटक्यात बाद केली नाही. ती कशी मिळाली, किती घेतली, कशासाठी वापरली, हे विचारलं. हे विचारणं कष्टाचं आहे. हात वर करणं सोपं.

आपल्याच भागातलं बघा. दिवाळीनंतर धनगरांचे कळप आपल्या जिल्ह्यातून कोकणाच्या बाजूला उतरतात. एमआयडीसीच्या मोकळ्या प्लॉटवर कधीकधी मुक्कामाला असतात, एका बाजूला कंटेनर उभे आणि दुसऱ्या बाजूला मेंढरं. ह्या दख्खनी मेंढ्यांची लोकर काळी, राठ. वर्षातून दोनदा कातरावी लागते. तिच्या सुताला चिंचोक्याची खळ लावून सनगर लोक घोंगडी विणत आले. आज त्या लोकरीला भाव नाही. कातरणावळसुद्धा निघत नाही, म्हणून पुष्कळदा ती तशीच टाकून देतात. आणि आपण ऑनलाइन ब्लँकेट मागवतो, जे बघायला मखमली आणि सगळंच्या सगळं प्लास्टिक. गिरण्यांचंही तेच झालं. १९२५ साली ठाण्यात सुरू झालेली रेमंडची गिरणी २००९ मध्ये बंद झाली, आता तिथे टॉवर उभे राहिलेत. वडील असते तर हळहळले असते.

दुसऱ्या बाजूनंही सावध करायला हवं, नाहीतर उद्या दहा जणी पी कोट मागवतील आणि माझं नाव सांगतील. महाळुंग्यात पी कोट लागत नाही. इथे डिसेंबरात पहाटे पहिल्या पाळीच्या बसला उभं राहणाऱ्यालाही स्वेटर आणि मफलर पुरतो. ज्याला खरी थंडी आहे त्यानं घ्यावा, एकच घ्यावा आणि शक्यतो जुना घ्यावा. हल्ली 'क्लासिक' म्हणून तोच कोट चार रंगांत विकतात, निळा, उंटाच्या रंगाचा, लाल, चौकटीचा. चारही घेतले तर तो पॉलिएस्टरच्या जाकिटांइतकाच परिग्रह झाला. लेबलही वाचा. नाव पी कोट आणि आत लोकर तीस टक्के, बाकी पॉलिएस्टर, असा माल भरपूर आहे. तो पाच वर्षांत गोळे धरतो. ऐंशी टक्क्यांच्या वर लोकर असेल तरच दुकानातून बाहेर आणावा.

आपल्याकडे चातुर्मासात कपड्यांची मर्यादा करतात, इतक्याच साड्या, इतकेच ड्रेस. हे गरम कपड्यांना कोणी लावत नाही, कारण चातुर्मास पावसाळ्यात येतो. मी लावलं आहे. घरात माणशी एक गरम वरचा कपडा, बस्स.

कोट सांभाळायचा कसा, हेही विचारतात, कारण लोकरीला कसर लागते. डांबराच्या गोळ्या ठेवू नका. त्यांनी कसर मरते, म्हणजे जे टाळायला निघालो तेच केलं. जयणा अशी ठेवायची की जीव उपजूच नये. पी कोट सहसा धुवावा लागत नाही. वापर संपला की मऊ ब्रशनं वरून खाली झाडायचा, कॉलरच्या खाली आणि खिशांच्या आत विशेष, कारण अंडी तिथेच घालतात. मग दोन दिवस कोवळं ऊन दाखवायचं. सुती पिशवीत घालून, वाळलेला कडुलिंब आणि दहा-बारा लवंगा पुरचुंडीत बांधून सोबत ठेवायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला की ओल धरतो आणि घात होतो. आणि महिन्यातून एकदा काढून बघायचा. महासतीजी रोज दोन वेळा आपल्या वस्त्रांचं पडिलेहण करतात, आपण महिन्यातून एकदा करायला हरकत नाही. ज्या कपाटात तीस कपडे आहेत त्याचं पडिलेहण कोणाला जमणार? एका कोटाचं जमतं.

सूनबाईला मी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मम्मी, तुमचं हिशेबात बसतं. पण मला तो कोट बघितला की पडद्यावरची ती मेंढी दिसते." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी खोटं उत्तर शोधलंही नाही. तिनं घेतलेला नियम तिचा आहे, तो मोडायला मी सांगणार नाही. कोट मात्र टाकायचा नाही, एवढं ठरलं. तो तिच्या कपाटातून माझ्या कपाटात आला आहे. रेशमाबद्दल तिनं आपणहून विचारलं, शालूचं काय करायचं. दोघींनी पेटी उघडली, बघितली आणि परत बंद केली.

तर आता कामाचं. कोट सध्या मोकळा आहे. छाती चाळीस, उंची पाच फूट आठपर्यंतच्या माणसाला बसेल, उंच मुलीलाही चालेल. येत्या थंडीत ज्यांच्या घरातून कोणी शिकायला किंवा कामाला थंड मुलुखात जात असेल, त्यांनी नवीन घेण्याआधी येऊन घालून बघावा. भाडं नाही, अनामत नाही. आणखी दोघींनी आपल्या घरचे पडून असलेले कोट देते म्हणून सांगितलं आहे, त्यांतला एक लेडीज आहे. तुमच्याकडे असतील तर कळवा, मी वहीत नोंद ठेवते. कोण घेऊन गेलं, कधी नेला, कधी आणला, एवढीच नोंद. परत देताना झाडून, ऊन दाखवून द्या. आणि बटण तुटलं तर तसंच आणा, नांगराची दोन जादा बटणं माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत.